आर-तीनचे चिंधू काका

चिंधू काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आकडे मोजत होते. मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा कंपनीत लोखंडी जिना चढून गेलं की जाळीचा मजला लागतो. तिथे रिअ‍ॅक्टरचं तोंड आहे. काका तिथे उकिडवे बसले होते. पुढ्यात स्टीलच्या डब्याचं झाकण उलटं ठेवलेलं, त्यावर पाण्यासारखा नितळ पण दाट असा एक गरम थेंब. त्यावर नजर लावून ते पुटपुटत होते, "एकोनचाळीस, चाळीस, एकेचाळीस..."

मी नमस्कार केला. त्यांनी डावा हात वर करून मला थांबवलं. थोड्या वेळाने थेंबाची कड पांढुरकी झाली, मग सगळा थेंब मेणासारखा गोठला. काकांनी त्यावर अंगठ्याचं नख दाबलं, खूण पाहिली आणि मगच माझ्याकडे वळले.

"बासष्ट. अजून दोन तास लागतील. तू कोनाची गो?"

मी सांगितलं की मी शहापूरच्या कॉलेजातून आले आहे, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि तीन महिने इथे प्रशिक्षण घ्यायचं आहे. हे वाक्य मी एसटीत किन्हवलीपासून पाठ करत आले होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कोणाशी कुठून बोलायला सुरुवात करायची हे मला कळत नाही, म्हणून मी वाक्यं पाठ करून ठेवते.

"पन कोनाची?" काकांनी पुन्हा विचारलं.

तेव्हा मी तानसा धरणाजवळच्या आमच्या पाड्याचं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. काकांनी मान हलवली. "मग असं सांग ना. कॉलेजात तर कुनी पन जातं."

दीड तासाने लॅबमधून त्याच नमुन्याचा आकडा आला. एकसष्ट.

काकांनी नखाच्या खुणेवरून अंदाजाने सांगितला तो आकडा म्हणजे हायड्रॉक्सिल व्हॅल्यू. पुस्तकात मी तिची व्याख्या वाचली होती, परीक्षेत लिहिलीही होती, पण ती कळली मला काकांकडून. कंपनीत पॉलिकार्बोनेट पॉलिओल तयार होतं. ते पुढे रेक्झिन, बुटांचे तळ, गाड्यांच्या सीटा, रंग अशा कशाकशात जातं. हेक्झेनडायॉल नावाचा मेणचट कच्चा माल वितळवून रिअ‍ॅक्टरमध्ये घ्यायचा, त्यात डायमिथाइल कार्बोनेट घालायचं, थोडा कॅटॅलिस्ट घालायचा आणि तापवत न्यायचं. दोन्ही रेणू एकमेकांना जोडले जातात, आणि जोडताना मिथेनॉल सुटतं, ते वाफ होऊन वर जातं. ते गेलं की साखळी वाढते. एवढं मला पाठ होतं. पण त्या आकड्याने नेमकं काय मोजलं जातं, हे कंपनीतल्या साहेबांना विचारायची मला भीती वाटायची.

"पाड्यावर नाचाला उभी ऱ्हायलीस का कधी?" काकांनी विचारलं.

"राहिले."

"बाया एकमेकींच्या कमरेला धरून रांग करत्यात. मधल्या सगळ्यांचे हात गुंतलेले. पन रांगेच्या दोन टोकांना दोघींचा एकेक हात मोकळा ऱ्हातो. बरोबर?"

"हो."

"लॅबवाले ते मोकळे हात मोजतात. लहान लहान रांगा असल्या तर मोकळे हात लय. रांगा एकमेकींना जोडल्या की हात कमी. आपल्याला छप्पन्न पायजेत. लय लांब रांग पन नको, मग नाचता येत नाय."

आमच्या सरांनी ही गोष्ट फळ्यावर दोन तास शिकवली होती. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण त्या दिवशी घरी जाताना एसटीत मला पहिल्यांदा वाटलं की हा विषय आपलाही आहे.

काका सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचे. वय पन्नाशीच्या पुढचं. अंगाने काटक, मिशी पिकलेली, डोक्यावरचं हेल्मेट नेहमी किंचित तिरकं. सातवीपर्यंत शिकलेले. कंपनीत ते ड्रम धुवायला म्हणून लागले, मग ड्रममधला माल वितळवायच्या खोलीत, मग पंपांवर, आणि मग आर-तीनवर. कंपनीत तीन रिअ‍ॅक्टर होते. एक आणि दोन नंबरला काका "ती भांडी" म्हणायचे. तीन नंबरला "आर-तीन". तिच्याशी ते बोलायचेसुद्धा. शिफ्ट सुरू झाली की तिच्या बाहेरच्या पत्र्याच्या जॅकेटवर हात ठेवून विचारायचे, "काय बाय, रातच्याला कुनी तरास दिला का?" आणि रात्रपाळीचा माणूस तिथेच उभा असला तर त्याच्याकडे बघत विचारायचे.

त्यांचं एक वाक्य सगळ्या कंपनीला पाठ होतं: "ज्याला कामाला लावला त्याला थांबवायचा पन आपनच." हे कॅटॅलिस्टबद्दल होतं. बॅच छप्पन्नवर आली की त्यात थोडं आम्ल घालून कॅटॅलिस्ट मारावा लागतो. तो जिवंत राहिला तर माल इथे छान दिसतो, पण गिऱ्हाइकाकडे दुसऱ्या रसायनात मिसळला की भांड्यातच दगड होतो. काका आम्ल घालून झालं की वहीत लिहायचे आणि मोठ्याने सांगायचे, "मेला!" नवीन माणूस दचकायचा. मीही दचकले होते.

सुटणाऱ्या मिथेनॉलवर तर त्यांचा पोलिसासारखा पहारा. ते गोळा होतं त्या ड्रमांना त्यांनी दोन कुलपं लावली होती. ड्रमांवर त्यांनी स्वतःच्या हाताने कवटी रंगवली होती. ती इतकी गोल आणि हसरी झाली होती की लोक तिला नारळ म्हणायचे. मग काकांनी तिचे डोळे काळ्या रंगाने पुरते बुजवले आणि खाली लिहिलं, "पिला की आंधळा." त्यानंतर कोणी हसलं नाही.

याच्यामागे एक किस्सा होता, तो शिफ्टचे प्रमुख साळवी साहेब रंगवून सांगायचे. काकांचा सख्खा मेव्हणा कंपनीत ड्रम उतरवायला येत असे. त्याच्या घरी हळदीचा कार्यक्रम होता. त्याने काकांना बाजूला घेऊन विचारलं, "दाजी, तुमच्याकडं ते दारूसारखं निघतं ना, एक कॅन द्या. पावन्यांना काय कळतंय?"

काका म्हणाले, "हे बग. तू माझा मेव्हना. हा यमाचा मेव्हना. दोघांना एका मांडवात बसवायचा नाय."

एवढं बोलून ते थांबले नाहीत. संध्याकाळी ते हळदीला गेले आणि मांडवात उभं राहून सगळ्या पाहुण्यांना मिथेनॉल म्हणजे काय ते सांगितलं. बायको पदराआडून खुणा करत होती, पण काकांनी भाषण पुरं केलं. मला ते एकदा म्हणाले, "माझी आय मोहाची भट्टी लावायची. पहिली धार जमिनीवर वतायची. इचारलं तर म्हनायची, ही देवाची. कंपनीत आलो तवा मला कळलं ती कुनाची ते." ते स्वतः दारूला शिवत नसत. पण वाफ कधी येईल, कुठे थंड होईल, धार कधी बारीक होईल, हे सगळं ते त्या भट्टीपाशी बसून शिकले होते.

त्यांची आणखी एक खोड होती. कोणाचीही पर्स, बॅग, चप्पल दिसली की ते तिची कड नखाने खरवडायचे. साळवी साहेबांच्या नव्या बॅगेचा पट्टा तीन महिन्यांत सोलायला लागला तेव्हा काकांनी त्याचा एक पोपडा काढून उजेडात धरला. "साहेब, हा आपला माल नाय. आपल्या मालाचं रेक्झिन घामात घाला, पान्यात घाला, सोलत नाय."

"अरे, पण मी बॅग घेताना तुला कुठे बरोबर नेऊ?"

"न्यायला पायजे व्हता."

पुतणीच्या लग्नात तर कमाल झाली. नवरदेवाने मांडवाबाहेर बूट काढले. काकांना राहवलं नाही. त्यांनी एक बूट उचलला, तळ वाकवून पाहिला, कड खरवडली. नवऱ्याच्या भावाने ते पाहिलं आणि ओरडला, "बूट चोरला! बूट चोरला!" चार पोरं काकांच्या मागे धावली. काका बूट घेऊन पळाले नाहीत; ते जागेवर उभे राहून म्हणाले, "चोरत नाय रे, तपासतोय." मग नवऱ्याच्या बापाला बाजूला घेऊन सांगितलं, "मुलगा चांगला हाय. बूट मात्र बदला, पावसात टिकायचे नायत." पुतणी अजून त्यांच्यावर रागावलेली आहे, असं ते अभिमानाने सांगत.

माझं प्रशिक्षण अर्ध्यावर आलं आणि कंपनीत तपासणी झाली. बाहेरून आलेल्या लोकांनी सगळे कागद पाहिले. त्यात निघालं की आर-तीन चालवणाऱ्या माणसाचं पद कागदावर "हेल्पर" आहे आणि त्याच्याकडे कसलंही प्रमाणपत्र नाही. इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आता नियम असा की प्रमाणपत्राशिवाय कोणी रिअ‍ॅक्टरच्या पॅनेलला हात लावायचा नाही. कामाच्या अनुभवावर प्रमाणपत्र मिळण्याची एक परीक्षा होती: थोडी लेखी, थोडी प्रत्यक्ष कामाची. ती पास झाले तर काका ऑपरेटर. नाहीतर पुन्हा ड्रम धुण्याच्या शेडमध्ये. पगार तोच राहणार होता.

"पगार तोच आहे ना," साळवी साहेब त्यांची समजूत काढत म्हणाले. "आणि तिकडे काम पण हलकं."

जेवायच्या सुट्टीत काका माझ्यापाशी येऊन बसले. "ड्रम धुवायची मला लाज नाय गो. मी तिथूनच आलो. पन तिथून काच दिसत नाय."

रिअ‍ॅक्टरला एक गोल जाड काच असते, आत दिवा लावून बघता येतं. काका दिवसातून शंभर वेळा त्या काचेला डोळा लावायचे.

मग रोज जेवायच्या सुट्टीत मी त्यांना प्रश्नसंच वाचून दाखवू लागले. परीक्षा मराठीतून देता येणार म्हणून ते खूश होते. पहिलाच प्रश्न मी वाचला, "निर्वात पंप सुरू करण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी?"

"हा कोन?"

"निर्वात पंप म्हणजे वॅक्यूम पंप, काका."

"मग वॅक्यूम म्हना ना! येवढ्या वर्साचा वळखीचा मानूस, नाव बदलून परीक्षेला आनला."

उत्प्रेरक म्हणजे कॅटॅलिस्ट, संघनित्र म्हणजे वाफ थंड करणारा कंडेन्सर. काकांनी डब्याच्या झाकणावर खडूने सगळी नवी नावं लिहून घेतली आणि भाकरी खाता खाता पाठ केली. मला वाटायचं मी त्यांना शिकवते आहे. पण प्रत्येक प्रश्नाला ते विचारायचे, "का?" आणि मला उत्तर येत नसे. मग तेच सांगायचे. हिवाळ्यात खोबरेल तेल गोठतं तसं हेक्झेनडायॉल कंडेन्सरमध्ये गोठतं, म्हणून शेवटच्या टप्प्यात तिथे गार पाणी नाही, कोमट पाणी सोडायचं, हे माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी एक तरुण परीक्षक आले. नीटनेटका शर्ट, हातात टॅबलेट. लेखी परीक्षा टॅबलेटवरच होती. काकांच्या बोटांना इतके घट्टे पडलेले की काचेला स्पर्शच कळेना. शेवटी त्यांनी बोटाच्या पेराने दाबून दाबून उत्तरं दिली. बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता. "धा-बारा येतील बरोबर," म्हणाले. पास होण्यापुरते होते की नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं. आता सगळं प्रत्यक्ष कामावर होतं.

आर-तीनवर बॅच चालू होती. परीक्षकांकडे छापलेली यादी होती. काकांनी एकेक काम करायचं, त्यांनी बरोबरची खूण करायची. मी जिन्याशी उभी होते, साळवी साहेब माझ्या शेजारी. पाच खुणा झाल्या. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "पायरी सहा. सहा तास झाले. आता वॅक्यूम सुरू करा."

काकांनी वर जाणाऱ्या वाफेच्या तापमानाचा काटा पाहिला, काचेला डोळा लावला. "अजून नाय."

"अजून नाही म्हणजे? तुमच्याच कंपनीच्या कागदात सहा तास लिहिलेत."

"सकाळी बॉयलरची वाफ कमी आली व्हती साहेब. तासभर बॅच मागं हाय. मिथेनॉल अजून येतंय. वरचा काटा खाली आल्याबिगर वॅक्यूम लावायचा नाय."

"हे बघा काका, मला यादीप्रमाणे जावं लागतं. तुम्ही केलं तर खूण, नाही केलं तर फुली."

साळवी साहेब पुढे सरकले आणि हळूच म्हणाले, "चिंधू, जरासा व्हॉल्व्ह उघड. नावाला."

"नावाला वॅक्यूम लागत नसतो साहेब."

"अरे, नापास होशील!"

मी काकांचा चेहरा पाहत होते. त्यांचा हात व्हॉल्व्हवर होता. त्यांनी तो काढला आणि हातमोजे नीट केले. "मारा साहेब फुली. मी ड्रम धुईन. पन बॅच वर घालवनार नाय."

परीक्षकांनी फुली मारली. टॅबलेटवर टक् असा आवाज झाला.

यादी पुरी झाल्याशिवाय त्यांना जाताही येईना. साळवी साहेबांनी चहा मागवला. काका एकटे काट्यासमोर उभे. पाऊण तासाने वरचं तापमान हळूहळू उतरू लागलं. आणखी थोडा वेळ त्यांनी जाऊ दिला, मग व्हॉल्व्ह केसभर उघडला. आतला माल उकळत्या दुधासारखा वर चढू लागला. काकांनी व्हॉल्व्ह मिटला, फेस बसू दिला, परत केसभर उघडला.

"इकडं या साहेब," त्यांनी परीक्षकांना बोलावलं. "बगा."

परीक्षकांनी कप खाली ठेवून काचेला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. "हे मगाशीच केलं असतं तर?"

"तर हे सगळं नळीतून वर गेलं असतं आनि कंडेन्सरात जाऊन गोठलं असतं. मग आमी दोन दिवस सळया घेऊन नळ्या साफ केल्या असत्या." काकांनी काट्याकडे पाहिलं. "तुमाला पन एक सळी दिली असती."

परीक्षक हसले. त्यानंतर त्यांनी यादी बाजूलाच ठेवली. फेस का येतो, थेंब कसा बघता, नख कशाला लावता, असं विचारत राहिले. काकांनी त्यांना झाकणावर थेंब टाकून दिला आणि मोजायला लावलं. "नजर हलवायची नाय," असा दमही दिला. निघताना परीक्षक म्हणाले की मारलेली फुली टॅबलेटवर पुसता येत नाही, पण शेरा लिहिता येतो. काय लिहिलं ते त्यांनी सांगितलं नाही.

पुढचे काही आठवडे काका नेहमीसारखेच होते असं वरून वाटलं असतं. पण ते आर-तीनवरची प्रत्येक गोष्ट मला दाखवू लागले. हा व्हॉल्व्ह जरा अडतो, हा काटा दोन अंशांनी खोटं बोलतो. "हे कुनाला तरी ठाऊक पायजे," म्हणायचे. मला ते ऐकवत नसे.

निकाल आला तेव्हा साळवी साहेब कागद हातात घेऊन जिन्याने वर धावत आले. त्यांचं वजन पाहता ती मोठीच गोष्ट होती. काका पास झाले होते. लेखीत जेमतेम, कामात उत्तम. शेऱ्यात लिहिलं होतं की उमेदवाराने सहावी पायरी दिलेल्या वेळी केली नाही आणि त्याचा निर्णय योग्य होता.

काकांनी प्रमाणपत्र बाजूला ठेवलं आणि गुणांचा कागद मागून घेतला. "फुली कुठाय?" साहेबांनी दाखवली. तो कागद काकांनी आठवडाभर खिशात बाळगला. जो भेटेल त्याला आधी फुली दाखवायची, मग पास झाल्याचं सांगायचं. ऐकणारा गोंधळायचा, आणि ते काकांना फार आवडायचं.

माझा शेवटचा दिवस आला. कॉलेजच्या वहीत प्रशिक्षण दिलेल्या ऑपरेटरची सही हवी होती. इतके दिवस तो रकाना कोरा ठेवला होता, कारण कागदावर तिथे ऑपरेटरच नव्हता. मी जिन्याखाली पोचले तेव्हा आर-तीनवर वॅक्यूम नुकताच लागला होता. माझं हेल्मेट परत देऊन झालं होतं, म्हणून मला वर जाता येत नव्हतं. अशा वेळी काका काच सोडून हलत नाहीत. जाळीच्या मजल्यावरून त्यांनी नमुन्याच्या बाटल्या खाली सोडायचा दोरीला बांधलेला डबा सोडला. मी त्यात वही आणि पेन ठेवलं. डबा हेलकावे खात वर गेला. काकांनी गुडघ्यावर वही घेतली, एक डोळा काचेवर ठेवूनच सही केली, आणि डबा खाली आला.

पानावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा गोठून मेणासारखा पांढरा झाला होता. सही ठसठशीत होती, पण रकाना चुकला होता. ऑपरेटरचा रकाना कोराच होता. त्यांनी त्याच्या वरच्या ओळीवर सही केली होती, जिथे छापलं होतं: मार्गदर्शक प्राध्यापक.

"काका!" मी ओरडले. "खालच्या ओळीवर करायची होती!"

पंपाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी कानामागे हात धरला. मी वही उघडून वर दाखवली, बोटाने जागा दाखवली. त्यांनी मान डोलावली, बरोबर आहे, बरोबर आहे, अशी.

"जा गो, गाडी चुकंल!" ते वरून म्हणाले, आणि हेल्मेट सारखं करून पुन्हा काचेला डोळा लावला.